सोळा भोकं आणि तेवीस सह्या

सोळा भोकांचं वर्णन करायला शहाण्या माणसाला किती वेळ लागावा? वर आठ, खाली आठ. माझ्या अंदाजाने अर्धा तास. प्रत्यक्षात मला सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत ही सोळाही भोकं माझ्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी, माझ्याकडे बघत पडून होती.

आधी भोकांची ओळख करून देतो. आंबीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा एक छोटा कारखाना आहे. आमचा म्हणजे मी तिथे नोकरीला आहे. तिथे तळहाताएवढे संगणकाचे बोर्ड बनतात आणि मावळातल्या गुलाबांच्या पॉलिहाउसमध्ये जाऊन बसतात. त्या बोर्डावर एक कनेक्टर असतो, दोन ओळींतली सोळा भोकं. हा कनेक्टर जगभर सारखा आहे. कुणी पाऊस मोजणारा तुकडा आणावा, कुणी मातीतली ओल सांगणारा आणावा, इथे खटकन बसवावा आणि कामाला लावावा, अशी त्यामागची कल्पना.

पण बसवला म्हणजे झालं नाही. संगणकाच्या पोटात कर्नल नावाचा कारभारी असतो. तो अतिशय हुशार, पण आंधळा. बोर्डावर कुठे काय आहे ते त्याला एका फायलीत लिहून द्यावं लागतं. जमिनीला सातबारा असतो तसा हा बोर्डाचा कागद. आणि हा कर्नल कुणा एकाच्या मालकीचा नाही. जगभरातले लोक तो मिळून लिहितात, आणि तुम्हाला त्यात काही घालायचं असेल तर एका जाहीर मेल-यादीवर पत्र पाठवायचं, मग तिथली जाणती मंडळी ते सगळ्यांदेखत तपासतात. मे महिन्यात आमचे साहेब म्हणाले, "दीनानाथ, आपल्या कनेक्टरचं वर्णन मूळ कर्नलमध्ये गेलं पाहिजे. अर्ध्या तासाचं काम आहे." तो अर्धा तास मूळ त्यांचा. मी फक्त त्यावर विश्वास ठेवला.

हे मी कारखान्यातच ठेवलं असतं तर कुणाचंच बिघडलं नसतं. पण मी आठवड्यातले चार दिवस लोणावळ्याला घरूनच काम करतो, आणि आमच्या सोसायटीत घरून काम करणाऱ्या पुरुषाकडे बघण्याची एक खास नजर आहे. जूनमध्ये गच्चीवर पाण्याच्या टाकीसंबंधी सभा होती. आमचे अध्यक्ष अंबाजीराव रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. त्यांनी सर्वांसमक्ष मला विचारलं, "दीनानाथराव, तुम्ही दिवसभर घरात बसून नेमकं करता काय?" प्रश्न साधा होता, पण सूर असा की जणू टाकी मीच गळवत होतो. बत्तीस घरांतली माणसं माझ्याकडे बघायला लागली. शेजारी माझी बायको शैला बसली होती. माझा तोल गेला आणि मी म्हणालो, "लवकरच माझं नाव जगातल्या कोट्यवधी फोनमध्ये जाणार आहे."

हे संपूर्ण खोटं नव्हतं. कर्नलमध्ये काही गेलं की ते कुणी लिहिलं याची नोंद राहते, आणि कर्नल पुष्कळ फोनमध्ये असतो. नोंद फोनमध्ये नसते, एवढाच काय तो फरक. पण आमच्या सेक्रेटरी सारिकाताई सभेचा इतिवृत्तांत लिहीत होत्या. त्यांनी ते वाक्य लिहून घेतलं, आणि डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी स्नेहसंमेलनात 'श्री. दीनानाथ यांचा जाहीर सत्कार' असा ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तांतात गेलेली गोष्ट आमच्याकडे परत बाहेर काढता येत नाही. गळती मात्र अजून चालू आहे.

डिसेंबरपर्यंत सहा महिने होते. अर्ध्या तासाच्या कामाला सहा महिने, म्हणून मी निश्चिंत होतो.

पहिलं पत्र पाठवलं. चार सेकंदांत परत आलं. आमच्या कंपनीच्या मेलखाली आपोआप एक मजकूर चिकटतो, 'हे पत्र गोपनीय आहे, चुकून मिळाल्यास नष्ट करावे.' सगळ्या जगाला पाठवलेल्या पत्राखाली असं लिहिलेलं त्यांच्या यंत्राला पटलं नाही. मग मी स्वतःच्या मेलवरून पाठवलं. ते परत आलं, कारण त्यात एक ओळ निळी होती. तिथे फक्त साधा काळा मजकूर चालतो, ठळक नाही, रंगीत नाही, फोटो नाही. तिसऱ्यांदा पोचलं, आणि दोन आठवड्यांनी नॉर्वेतल्या ओडवार नावाच्या गृहस्थांचं उत्तर आलं. हे ओडवार म्हणजे त्या खात्यातले मोठे साहेब. त्यांनी लिहिलं होतं, "तुम्ही कनेक्टरचं वर्णन केलेलं नाही. तुम्ही त्यात काय खुपसणार आहात त्याचं केलं आहे."

वाईट याचं वाटलं की त्यांचं बरोबर होतं. मी भोकांबरोबर आमचा पाऊस मोजणारा तुकडाही लिहून टाकला होता. लोणावळ्यात बंगला भाड्याने द्यायचा आणि जाहिरातीत गेल्या शनिवारी आलेल्या पाहुण्यांचं वर्णन करायचं, तसला प्रकार. मी तुकडा काढला. मग ब्राझीलमधल्या एका बाईंनी सांगितलं की ही फाईल चुकीच्या खणात आहे, दुसऱ्या खणात ठेवा. ठेवली. ओडवारांनी विचारलं, ही फाईल इथे कुणी आणली? परत जागेवर ठेवा. ठेवली. पाचव्या आवृत्तीला त्यांचं उत्तर एका शब्दाचं होतं, "नाही." हे सगळ्याला नाही, की अर्ध्याला, की नुसताच मनातला उद्गार, यावर मी दोन दिवस घालवले. शेवटी शैलाला विचारलं. ती शाळेत भूगोल शिकवते. वह्यांवरून नजर न काढता ती म्हणाली, "नाही म्हणजे नाही. मीही असंच लिहिते."

ऑक्टोबरात कळलं की अधूनमधून दोन आठवडे त्यांची एक खिडकी उघडते, आणि ती खिडकी उघडी असताना नवे अर्ज बघत नाहीत. बंद झाली की बघतात. मी तीस वर्षं सरकारी कचेऱ्या पाहिल्या आहेत, पण खिडकी उघडी आहे म्हणून काम बंद हे मी प्रथमच पाहत होतो.

इकडे सत्कार जवळ येत चालला. अंबाजीराव सकाळी फिरून येताना माझ्याकडे डोकावायचे. "निघालं का काम?" हा प्रश्न ते अशा काळजीने विचारत की मी तहसील कचेरीत अडकलोय असं कुणालाही वाटावं. एकदा त्यांनी माझं पत्र बघायला मागितलं. चष्मा लावून संपूर्ण वाचलं आणि मान हलवली.

"इथेच चुकलात. 'आदरणीय महोदय' कुठाय? विषय आहे, पण संदर्भ क्रमांक नाही. खाली 'आपला विश्वासू' नाही. वरचा माणूस नाराज होणारच."

"तिथे तसं लिहीत नाहीत, अंबाजीराव."

"नॉर्वेचा माणूस झाला तरी माणूसच ना," ते म्हणाले. "बरं, कागद कुणाच्या टेबलावर अडलाय?"

डिसेंबरच्या मध्यावर नवव्या आवृत्तीला उत्तर आलं. ओडवारांचं आजवरचं सर्वांत मोठं पत्र, चार ओळींचं. "आता बरं दिसतंय. मी हे इतक्यांदा पाहिलं आहे की मला चूक दिसेनाशी झाली आहे. दुसऱ्या कुणीतरी वाचून आपल्या नावाची 'तपासले' अशी ओळ द्यावी, मग बघू." मी आनंदाच्या भरात अंबाजीरावांना सांगितलं की आता एखाद्या माणसाने वाचून सही दिली की काम झालं.

या वाक्यात दोन गोष्टी होत्या, वाचणं आणि सही देणं. अंबाजीरावांनी त्यातली महत्त्वाची उचलली. यात त्यांचा दोष मी धरत नाही. आमच्याकडे दुसऱ्याच्या कागदावर सही करणं शेजारधर्मात मोडतं, आणि ती करण्याआधी कागद वाचणं संशयात मोडतं. रहिवासाचा दाखला असो, पासपोर्टचा अर्ज असो, 'दोन प्रतिष्ठित व्यक्तींच्या सह्या' म्हटल्यावर आपण शेजारची बेल वाजवतो. शेजारी विचारतो, "कुठे करू?" काय आहे, असं विचारणारा शेजारी मी आजवर पाहिलेला नाही. मी स्वतः गेल्या वर्षी कुठल्यातरी बोअरवेलला अशीच संमती दिली आहे. ती कुणाची होती ते अजून कळलेलं नाही.

सत्काराच्या आधीच्या गुरुवारी मी आंबीला कारखान्यात गेलो. येताना जुन्या रस्त्याने कामशेतला थांबलो, कारण शैलाने नवा इंद्रायणी तांदूळ आणायला सांगितला होता. दुकानदार धोंडिबाशेठ मापात तांदूळ ओतत होते आणि मी वास घेत घेत सहज फोन काढला. यादीवर माझ्या पत्राला चोवीस उत्तरं आली होती. सात महिन्यांत एकूण एकोणीस आली होती.

पहिलं अंबाजीरावांचं. 'तपासले: अंबाजीराव, निवृत्त, मालधक्का, सदनिका क्रमांक चार.' मग सारिकाताईंचं, सोबत सोसायटीचा शिक्का, जो फोटो असल्यामुळे सुदैवाने गळून पडला होता. मग रांगच. 'तपासले, तपासले, तपासले.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पुढे जोडलं होतं की श्री. दीनानाथ यांना मी अकरा वर्षे ओळखतो, त्यांची वर्तणूक चांगली आहे. तळमजल्यावरच्या एका सद्गृहस्थांनी तपासले असं लिहून, जाता जाता, 'दीनानाथ यांची गाडी माझ्या जागेत उभी असते' हेही जगाच्या निदर्शनास आणलं होतं. सारिकाताईंनी व्हॉट्सॲपवर नमुना आणि यादीचा पत्ता टाकून एका दुपारीत तेवीस सह्या जमवल्या होत्या. रस्त्याच्या दिव्यासाठी मागच्या वर्षी याच्या निम्म्याही जमल्या नव्हत्या.

या चोविसांखेरीज खाली ओडवारांचा प्रश्न होता. "ही माणसं कोण? यांनी हा कनेक्टर पाहिला आहे का?"

"काय झालं सायेब?" धोंडिबाशेठनी विचारलं. "तांदूळ जुना वाटला का? आवंदाचाच हाय, वडिवळ्याचा."

"तांदूळ चांगला आहे," मी म्हणालो आणि त्यांच्याच पोत्यावर बसलो. चोवीस उत्तरांपैकी शेवटची दोन-चार मी उघडलीसुद्धा नाहीत. त्यात आणखी काय असणार होतं?

सोसायटीच्या फाटकावर मोठा फ्लेक्स लागला होता. 'जगातील कोट्यवधी फोनमध्ये पोहोचलेले आपले दीनानाथराव.' फोटो माझ्या आधारकार्डावरचा होता, त्यामुळे मी कुठून तरी पळून आल्यासारखा दिसत होतो. खाली आमचे रखवालदार नवसूभाऊ गुलबक्षीला पाणी घालत उभे होते. ते वडिवळ्याच्या वरच्या वाडीतले. मला बघून त्यांनी झारी खाली ठेवली.

"सायब, सारिकाताई माज्याकडं बी आल्त्या. मी न्हाई क्येली सही. राग मानू नगा."

"का नाही केलीत?"

"त्ये सोळा भोकांचं मी बगितलंच न्हाई. न बगता कशी करू? मागं गावात एकदा क्येलती. सकाळी सही दिली, सांच्याला कळलं, पानीपुरवठा समितीचा अध्यक्ष झालो. दोन वर्सं टाकी म्याच धुतली. लय उंच हाय ती."

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. सबंध सोसायटीत कर्नलचे नियम पाळणारा हा एकच माणूस निघाला.

घरी जाऊन मी यादीवर माफीचं पत्र लिहिलं. ही माझी शेजारी मंडळी, हेतू चांगला, कनेक्टर त्यांनी पाहिलेला नाही, सह्या धरू नयेत. आयुष्यात मी कधी इतक्या देशांची एकदम माफी मागितली नव्हती. मग अंबाजीरावांकडे जाऊन झालेलं सांगितलं.

"आमच्या सह्या चालत नाहीत म्हणजे काय? चौतीस वर्षं माझ्या सहीवर मालगाड्या सुटल्या."

"त्यांचं म्हणणं, वाचून केलेली सही हवी."

"वाचून कोण सही करतं?" ते म्हणाले. मग जरा नरम होऊन म्हणाले, "आता रविवारचं काय करायचं? पाहुणे सांगितलेत. फ्लेक्स तर लागलाय."

मी म्हणालो, उद्यापर्यंत वाट बघू, नाहीतर फ्लेक्स उतरवू. जिना चढताना मला खरंच रडू येत होतं. तेवीस वर्षं मी हे काम करतोय, आणि नातेवाइकांना 'संगणकात' यापलीकडे कधी सांगता आलेलं नाही. एकदाच कुठे माझ्या कामाला चारचौघांत हार पडणार होता, तर तोही खोटा ठरत होता.

शुक्रवारी दुपारी ओडवारांचं पत्र आलं. "तेवीस ओळी मी सोडून देतो. पण चोविसाव्या पत्राला तुम्ही उत्तर दिलेलं नाही. या संपूर्ण चर्चेतली ही पहिली खरी तपासणी आहे. त्यांचे तिन्ही मुद्दे बरोबर आहेत. दुरुस्त करा, आणि त्या तयार असतील तर त्यांची ओळ घ्या. मग मी हे स्वीकारतो."

मी चोविसावं पत्र उघडलं. पाठवणारी शैला.

स्वच्छ, साधा, काळा मजकूर. एक, पहिल्या परिच्छेदात जागा रिकामी म्हटली आहे आणि तिसऱ्यात तिला पाऊस मोजता येतो असं म्हटलं आहे. दोन्हींपैकी एक काढावं. दोन, भोकं सोळा म्हटली आहेत, पण यादी मोजली तर पंधरा भरतात. जमिनीची तार, म्हणजे अर्थिंग, दोन ठिकाणी आहे, ती एकदाच लिहिली आहे. तीन, ज्याच्या हातात बोर्ड नाही त्याला पहिलं भोक कोणत्या बाजूचं हे कळत नाही. नकाशात उत्तर दिशा दाखवलेली नसावी, तसं झालं आहे.

पंधरा. मी मोजलं. खरंच पंधरा होती. नऊ आवृत्त्या, तीन खंडांतले विद्वान, आणि कुणी मोजलं नव्हतं. मीही नाही.

शैला शाळेतून आली तेव्हा मी दारातच उभा होतो. "हे तू कधी वाचलंस?"

"कोणतं? पहिलं का नववं?" तिने पर्स ठेवत विचारलं.

"म्हणजे तू सगळी वाचलीस?"

"ती यादी उघडीच असते ना. तुम्हीच म्हणालात जूनमध्ये, जगात सगळ्यांना दिसतं, पण वाचत कुणी नाही. म्हटलं, आपण वाचावं. पहिली तीन काही कळली नाहीत. चौथ्यापासून लागली कळायला. सहावी चांगली होती. सातवीत तुम्ही बिघडवलंत."

"मग मला का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलं होतंत का? एकदा विचारलंत, ते 'नाही' म्हणजे काय. तेवढं सांगितलं." ती स्वयंपाकघरात गेली आणि तिथून म्हणाली, "सारिकाने नमुना पाठवला, नुसती सही करा म्हणून. मला ते बरं वाटेना. चुका दिसत असताना तपासले कसं लिहायचं?"

मला लाज वाटली. आणि लाजेच्या तळाशी इतका आनंद झाला की मी उगाचच तांदळाचा डबा उघडून परत लावला. या बाईने सात महिने, वह्या तपासून झाल्यावर, माझी सोळा भोकं वाचली होती.

मी तिच्याकडे रीतसर सही मागितली. ती म्हणाली, दुरुस्त करून आणा, मग बघू. मी आणलं. तिने दोन ठिकाणी लाल खूण करून परत दिलं. पुन्हा आणलं. एक स्वल्पविराम काढायला लावला. यादीवर दहावी म्हणून गेलेली आवृत्ती खरी बारावी होती, आणि तिच्या शेवटी ओळ होती, 'तपासले: शैला.' शनिवारी दुपारी ओडवारांचं उत्तर आलं. "घेतलं. धन्यवाद."

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वर्षाअखेरीच्या गर्दीत प्रमुख पाहुणे खंडाळ्याच्या घाटात अडकल्यामुळे अंबाजीरावांनीच मला शाल घातली आणि माइक हातात दिला. मी तीन पानी भाषण लिहिलं होतं. ते खिशातच ठेवलं. मी सांगितलं की माझं नाव कुणाच्याही फोनमध्ये गेलेलं नाही, ते एका नोंदीत गेलं आहे. तेवीसजणांनी मला सह्या दिल्या त्यांचे आभार, पण चालली ती एकच, शैलाची, कारण तिने वाचलं होतं. आणि मी काय करतो हे मला तेवीस वर्षांत कुणाला सांगता आलं नाही, तेव्हा आता तिनेच सांगावं.

शैला आधी नाही म्हणाली. मग उठली आणि वर्गात बोलते तशी बोलली. "बोर्डावर एक रिकामी जागा आहे. उद्या तिथे कोण काय लावेल ते आज माहीत नाही. कुणी पाऊस मोजेल, कुणी थंडी. पण कुठल्या भोकात वीज येते, कुठल्यातून निरोप जातो आणि मोजायला कुठल्या बाजूने सुरुवात करायची, हे कधीच बदलत नाही. न बदलणारं तेवढं यांनी लिहून ठेवलं. आता उद्या येणाऱ्याला कुणाला विचारत बसावं लागणार नाही." आणि ती खाली बसली.

मग पहिल्या रांगेतून अंबाजीराव म्हणाले, "एवढंच?"

"एवढंच," शैला म्हणाली.

मागे सारिकाताई शेजारणीला म्हणाल्या, अगं, एवढंच होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मान डोलावली. फाटकाशी उभे असलेले नवसूभाऊही म्हणाले, "व्हय की, येवडंच." पाहता पाहता सगळ्या पार्किंगला माझं काम कळलं. मी खांद्यावरची शाल सावरत ऐकत राहिलो, आणि मला कुणाचाही राग आला नाही.